एक्केचाळीस नंबरचा शेरा

"ही एक्केचाळीस नंबरची बया आहे तरी कोण? शोधून काढा रे कुणीतरी!"

असं एका मुलीनं परवा फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं, खाली बऱ्याच जणांनी अंगठे टेकवले, आणि ती बया म्हणजे मी.

ग्रुप माझा नव्हे. माझ्या भाचीचा, सईचा. अकरावीत आहे ती. किशोर कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलामुलींचा ग्रुप आहे. कुठली घ्यावी, कुठली टाकावी, हे एकमेकांना सांगत बसतात. सांगतात म्हणजे काय, बदाम पाठवतात. पुस्तक कसलंही असो, पाच तारे. 'रडले.' 'थांबूच शकले नाही.' 'नक्की वाचा.' अगं, पण का वाचा? ते कुणी सांगत नाही. मला त्या ग्रुपचा मनापासून राग आहे. मी शाळेत शिकवते, वर्षाला शेकडो प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिते. शेरा म्हणजे काय ते मला शिकवू नका, असं मी सईला दहादा सुनावलेलं आहे.

म्हणूनच ती त्या दिवशी नाचत आली. "मावशी, हे बघ, तुला आवडेल असं भांडण लागलंय! आणि पुस्तक तुमच्या नागावचं आहे."

फोटो होता. जुन्या वहीचं शेवटचं पान, त्यावर डकवलेला लांबट कागद, आणि कागदावर एकाखाली एक वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेले शेरे. फोटो टाकणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, 'माझं सगळ्यात आवडतं पुस्तक. छापलेलं नाही. जगात एकच प्रत आहे, आमच्या गावच्या वाचनालयात. नाव नाही, नुसता नंबर. सहाशे बारा.'

कागदावरचा पहिला शेरा निळ्या शाईत होता. 'वाचनीय नाही. पुस्तकाला सुकटीचा वास येतो. – ४१.'

अक्षर माझं होतं. पंधराव्या वर्षीचं, उजवीकडे कललेलं, शहाणं अक्षर.

खाली ग्रुप पेटला होता. 'किती घमेंड!' 'असल्या लोकांमुळे मुलं वाचत नाहीत.' 'ही आज नक्की कुठल्यातरी सोसायटीची सेक्रेटरी असणार.' सेक्रेटरी नाही, मी अध्यक्ष आहे. मग कुणीतरी म्हणालं, 'तिला शेवटचं पान दाखवा, मग बघू काय बोलते.' आणि लगेच दहा जण तुटून पडले, 'शेवटचं पान सांगू नका! ज्यांनी वाचलं नाही त्यांचा विचार करा!'

मी सईच्या हातून फोन घेतला आणि तिच्या नावानं लिहिलं, 'ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. सोडा ना आता.' क्षणात उत्तर आलं, 'आम्हीपण पंधरा वर्षांचेच आहोत. आम्ही असं नाही लिहीत.'

सई माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तू का एवढी चिडलीस?"

"डोळे दुखतायत," मी म्हटलं आणि फोन तिच्या हातात आपटला.

शनिवारी पनवेलहून एसटी पकडली. जाऊन काय करायचं ते ठरलेलं होतं. तो कागद फाडायचा. नवऱ्याला सांगितलं, वाडीच्या सातबाऱ्याचं काम आहे.

नागावच्या फाट्यावर उतरले तर पहिल्यांदा चार माणसं अंगावर आली. "रूम पायजे काय, ताई? एसी हाय, पूल हाय." अहो, मी इथली आहे. माझं बालपण इथं गेलं. पण ते कुणाला सांगायचं? आमच्या शेजारच्या वाडीत पोफळी तोडून पोहण्याचा निळा हौद केलाय आणि त्याच्या काठावर प्लॅस्टिकचा माड उभा केलाय. जिथं खरे माड होते तिथं. मी तिथं थांबून मोठ्यानं शिवी दिली. बरं वाटलं.

तेव्हा या रस्त्यानं चालताना आधी रहाटाची कुरकुर ऐकू यायची. मग पाटाच्या पाण्याचा गारवा पायांना लागायचा. दिवाळीनंतर अंगणाअंगणात सोललेली सुपारी वाळत पडायची, तिचा आंबूस, घशाशी येणारा वास. मे महिन्यात कोकमं, हातापायांना लाल डाग. श्रावणात केवडा. आणि वाऱ्याची दिशा फिरली की उत्तरेकडून, खाडीच्या बाजूच्या कोळीवाड्यातून, वाळत घातलेल्या जवळ्याचा वास. जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी. वाळली की सुकट. तो वास आला की आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आम्ही काही न खाणारे नव्हतो. संकष्टी सोडली तर रोज ताटात मासळी. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

वाचनालय एका खोलीचं. चावी बापूंकडे. बापू दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्त झाल्यावर पुस्तकं द्यायला लागले, पण सवय गेली नव्हती. पोरगं दारात आलं की जीभ दाखव म्हणायचे नुसते बाकी होते. "काय होतंय? करमत नाही? हे घे, तीन दिवस, जेवणानंतर. उपाशीपोटी वाचू नको, भुताचं आहे." त्यांच्या तपकिरीचा वास, खळीचा वास, पावसाळ्यात कपाटात घातलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास. त्या खोलीत शिरलं की मला कायम शिंक यायची आणि बापू आतून म्हणायचे, "एक्केचाळीस नंबर आला."

कारण तिथं नावं नव्हती. किशोर विभागातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बापू एक कोरा कागद डकवत. पुस्तक परत करताना त्यावर शेरा लिहायचा आणि खाली सभासद नंबर घालायचा. नाव घालायचं नाही. "नाव आलं की माणूस माणसाशी भांडतो," बापू म्हणायचे. "मला तुम्ही पुस्तकाशी भांडायला हवे आहात." एकच नियम होता. पुस्तक घरी न्यायचं, पूर्ण वाचायचं, मगच लिहायचं.

आणि परत आलेलं पुस्तक बापू आधी नाकाला लावायचे. खरंच सांगते. डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचे आणि मुक्काम सांगायचे. "हं. सुपारीवाल्यांकडे होतं." "हे मशिदीच्या आळीतलं, अत्तर आहे." "हे बेकरीवाल्याच्या पोरानं नेलेलं, पाव खाण्याची इच्छा झाली मला." आम्ही खिदळायचो. चुकले तर गोळी द्यायचे, आल्याची. ते फारसे चुकत नसत.

त्रेसष्ट नंबर होती जयवंती. कोळीवाड्यातली, माझ्याच वर्गातली. आई तिची टोपली घेऊन आमच्या दारी यायची आणि जयवंती पाठीमागून दप्तर घेऊन. मग आम्ही दोघी शाळेत. तिला बोलता यायचं नाही फारसं. मला बोलणं थांबवता यायचं नाही. मी पुस्तक वाचायचे आणि सुरूच्या बनात तिला सांगायचे. सुरूच्या काड्यांवर बसलं की फ्रॉकच्या मागं टोचायचं आणि वर सूंऽऽ आवाज. कुठल्या पुस्तकातली मुलगी मूर्ख आहे, कुठल्यातल्या मुलीनं घर सोडायला हवं होतं, कुणाचा शेवट लेखकानं घाबरून केलाय. ती ऐकायची आणि म्हणायची, "मग तू कसा केला असतास?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कधीच नसे. मला फक्त चुका दिसायच्या.

दहावीच्या वर्षी जानेवारीत किशोर कपाटात एक जाड वही आली. तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर बापूंच्या अक्षरात 'हस्तलिखित. क्र. ६१२'. आतलं अक्षर गिचमिड, मुद्दाम वळण बदलल्यासारखं. मला वाटलं, म्हाताऱ्यानं स्वतःच लिहिलीय आणि आमच्या गळ्यात घालतोय. मी तिथंच कपाटाला टेकून उभ्यानं वाचायला लागले. पहिलं पान, जवळा वाळतोय. दुसरं पान, जवळा वाळतोय. बायका तो हातानं पसरतात, कावळे हाकलतात, ऊन कसं चढतं, वाळू कशी चटकते. आठ पानं! आठ पानं नुसता जवळा वाळतोय, गोष्ट सुरू होण्याचं नाव नाही. नववं पान मी उलटलंच नाही. वही नाकाला लावली, बापूंसारखी, आणि मला तो शेरा सुचला. इतका आवडला स्वतःचा मला, की घरी न नेता, न वाचता, तिथंच लिहून टाकला.

दर जानेवारीत वाचनालयाची पोपटी असायची. मागच्या वाडीत बापू आम्हा पोरांना जमवायचे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून जाडं मीठ आणि ओवा. मडकं उपडं घालून भोवती पेंढा रचायचा. आणि पेंढा पेटवायचा तो पुस्तकाच्या कव्हरनं. हा आमच्याकडचाच रिवाज. वर्षभरातले शेरे बापू मोठ्यानं वाचायचे, ज्या पुस्तकाला सगळ्यात वाईट शेरा असेल त्याचं तपकिरी कव्हर काढायचं आणि त्यानं पोपटी लावायची. पुस्तकाला मग नवं कव्हर. बापू म्हणायचे, त्याचा पुनर्जन्म झाला.

त्या संध्याकाळी ऊन पोफळींत अडकलं होतं. जयवंती माझ्या शेजारी बसून शेंगा निवडत होती. आठवडाभर तिचं काहीतरी बिनसलेलं होतं. सारखी विचारायची, "नवीन काय वाचलंस? कपाटात नवीन काय आलंय?" मला कळायला हवं होतं.

बापूंनी सहाशे बारा उचललं. "एक्केचाळीस म्हणतात, वाचनीय नाही." आणि थांबले. चष्मा काढला, पुसायला लागले. "पुढचं अक्षर लागत नाही," म्हणाले.

"द्या इकडे, मला लागतं!" मी उठलेच. वही त्यांच्या हातून घेतली आणि घसा खाकरून, सगळ्यांकडे बघत, शेवटचे शब्द ओढत वाचलं. पुस्तकाला सुकटीचा वास येतो.

काय हसली पोरं! लोळली. कोळीवाड्यातली चार पोरं होती, तीही हसली, पण त्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यात मोठ्यानं हसली जयवंती. मी कव्हर ओरबाडून काढलं आणि तिच्याच हातात दिलं, "घे, लाव तू!" तिनं काडी ओढली. कव्हर लगेच पेटलं. पोपटीचा तो वास, कोवळ्या वालाचा, ओव्याचा, भाजलेल्या पाल्याचा, मला अजून कुठं आला तर मी तिथून उठून जाते. सहकारी म्हणतात, मॅडमना पोपटी आवडत नाही, काय माणूस आहे!

सोमवारी बापूंनी मला त्रेसष्ट नंबरचं कार्ड दाखवलं. जयवंतीनं परत केलं होतं. "वही तिची होती," ते म्हणाले. "दोन पावसाळे लिहीत होती. मला शपथ घातलीन् होती, नाव सांगायचं नाही म्हणून." मग कार्ड खणात ठेवत, "तू पूर्ण वाचलंस ना गं?"

"हो," मी म्हटलं.

तिचं घर आमच्यापासून दहा-बारा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परीक्षा आली, मग कॉलेज, मग पनवेल. बत्तीस वर्षं मी गेले नाही. का, ते मला विचारू नका. मला त्याचा राग येतो.

तर शनिवारी मी वाचनालयाच्या दारात उभी राहिले आणि शिंकले.

"आली," आतून आवाज आला. "एक्केचाळीस नंबर आला."

टेबलामागं जयवंती बसली होती. अंबाड्यात अबोली, नाकावर चष्मा, समोर रजिस्टर. तिनं मान वर केली नाही.

"तू... इथं?"

"बारा वर्षं झाली. तुला कोन सांगनार? तू येतेस कुठं?" तिनं पान उलटलं. "बापू जायच्या आधी चावी माझ्या हातात देऊन गेले. त्याच्या आधी दर बुधवारी मासे घ्यायच्या निमित्तानं यायचे आणि माझ्या मासळीच्या वट्यावर एक पुस्तक विसरून जायचे. म्हातारा मासे खात नव्हता."

मला वाटलं होतं कुणी अनोळखी पोरगी असेल, तिला चकवून कागद काढता येईल. आता मी उगाच कपाटांकडे बघत राहिले. खळीचा वास होता. तपकिरीचा नव्हता.

"सहाशे बारा बघायचंय का?" ती म्हणाली.

"सहज. इकडं आले होते म्हणून."

"सहज न्हाय. फोटू फिरतोय फोनवर. शेरा फाडायला आलीस तू." आता तिनं वर बघितलं. "मी ओळखते तुला. तुझी चूक कुनी बघितली की तुला ती मिटवायची असते. केली म्हनून काय वाटत न्हाय."

"तोंड सांभाळून बोल हं, जयवंती!"

"का? तू सांभाळलं होतंस?"

तिनं ड्रॉवरमधून वही काढून टेबलावर ठेवली. नवं तपकिरी कव्हर होतं, कितवं कोण जाणे. शेरेपत्रकं एकाला एक जोडून चार झाली होती, घडीवर घडी.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. तुला आवडतं ना मोठ्यानं वाचायला?"

मी वाचलं. खोलीत तिघी मुली पुस्तकं चाळत होत्या, त्या थांबल्या. माझ्या शेऱ्याखाली पेन्सिलीनं होतं, 'आमच्या घरालापण हाच वास येतो. मला आवडलं. – ५७.' त्याखाली, 'आठ पानं दम धरा. नंतर होडी सुटते. – ८३.' 'एक्केचाळीसनं पूर्ण वाचलेलं नाही. पैज लावतो. – १०२.' 'एक्केचाळीस मूर्ख आहे. – १४०.' याच्या शेजारी बापूंची लाल शाई, 'शेरा पुस्तकाबद्दल असावा.' 'रडले. कुणाला सांगू नका. – २१९.' वर्षामागून वर्षं, शाई बदलत गेलेली, आणि दर दोन-तीन शेऱ्यांनंतर कुणीतरी मला ठोकलेलं. गावातल्या पोरांच्या किती पिढ्या मला शिव्या देत मोठ्या झाल्या होत्या आणि मी तिकडे पनवेलला मुलांना शिस्त शिकवत होते.

"मी माफी..."

"मला नको हाय ती," ती एकदम ओरडली. मुली दचकल्या. "बत्तीस वर्षांत एकदा दहा मिंटं चालत आली असतीस तर घेतली असती. आता काय करू तिचं? लोनचं घालू?"

"परत काही लिहिलंस?" मी विचारलं. हाच प्रश्न मला एसटीत सगळा वेळ टोचत होता.

"न्हाय."

"माझ्यामुळे?"

"एवढी मोठी समजतेस स्वतःला? दोन पोरं, सासू अंथरुनात, बाजारात टोपली. वेळ कुठं होता?" ती रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत राहिली. मग पेन थांबलं. "थोडं तुझ्यामुळं."

मला तिथं रडू आलं. मी रडत नाही कधी, पण आलं.

"ए, वहीवर न्हाय हं. शाईपेनानं लिवलेली हाय, फुटंल," ती म्हणाली आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. "नियम ठाऊक हाय. पूर्ण वाच. नवव्यापासून नको, पहिल्यापासून."

दुपारचे दोन वाजले होते. मी बसले. जवळा वाळत होता. यावेळी मी थांबले तिथं. बायकांच्या हातांची ती चाल, कावळ्यांवर टाकलेले खडे, पायाला चटके बसू नयेत म्हणून वाळूवर अंथरलेलं ओलं गोणपाट, उन्हात आधी गुलाबी आणि मग पांढुरका होत जाणारा तो जवळा. हे आता कुठं आहे? तिथं जेट-स्की उभ्या असतात. पंधरा वर्षांच्या मुलीनं ते सगळं आठ पानांत धरून ठेवलं होतं आणि मला गोष्ट हवी होती.

अकराव्या पानावर मी येते. नाव वेगळं आहे, पण मीच. वाडीतली, भांडकुदळ, तोंडाळ मुलगी. कोळ्याच्या पोरीला बापाच्या होडीतून समुद्रात जायचंय आणि तिला कुणी नेत नाही. ही वाडीतली तिच्यासाठी सगळ्या गावाशी भांडते. पानंच्या पानं भांडते. तिला पाण्याची भीती आहे, मला होती तशी, पण शेवटी तीच होडी ढकलायला गळ्याएवढ्या पाण्यात उतरते. मी वर बघितलं. जयवंती एका मुलीला सांगत होती, "हे ने. पन पुढचं मागचं सोडून वाचायचं न्हाय." फक्त तीन पानं राहिली होती त्या दिवशी. तीन पानं उलटली असती तर मी स्वतःला भेटले असते.

एकशे अठराव्या पानावर गोष्ट संपते. शेवट वाईट आहे, घाईत केलेला, ते मी आजही सांगेन. पण त्याच्याखाली, मधे दोन ओळी मोकळ्या सोडून, वळण न बदलता, तिच्या खऱ्या अक्षरात लिहिलंय:

'एक्केचाळीससाठी. शेवटपर्यंत आलीस म्हणून.'

मी किती वेळ बसले होते कोण जाणे. मुली गेल्या होत्या. झाडूचा आवाज येत होता. जयवंती खोली झाडत माझ्या खुर्चीपाशी आली. "पाय वर घे," म्हणाली. मी घेतले.

"शेवट घाईत केलायस," मी म्हटलं.

झाडू थांबला. "केलाय," ती म्हणाली. "पोपटीच्या आधी संपवायचं होतं. तू वाचशील म्हनून."

मी पेन मागितलं. तिनं दिलं नाही. माझ्या हातातून वही काढून घेतली, डोळे मिटले आणि नाकाला लावली, बापूंसारखी. मोठा श्वास घेतला. मी वाट बघत होते.

"वास गेला हिचा," ती म्हणाली. "सगळ्या गावात फिरली. सुपारी लागली, अत्तर लागलं, पाव लागला. माझ्या घरचा वास गेला. तुझ्या घरचा तर कधी लागलाच न्हाय. तेव्हा नेलीच न्हाईस तू." तिनं रजिस्टर ओढलं, एक जुनं पिवळं कार्ड काढलं, त्यावर एक्केचाळीस लिहिलेलं होतं, आणि तारखेचा शिक्का मारला. "घरी ने. पंधरा दिवस. शेरा परत आनशील तेव्हा लिहायचा."

"अगं, पण एकच प्रत आहे!"

"व्हय. एकशे अठरा पानं, चार शेरेपत्रकं. मोजून देते, मोजून घेईन. एक पान कमी आलं ना, तर पनवेलला येऊन तुझ्या सोसायटीसमोर बोंब मारीन." ती दिवा मालवायला वळली. "जा आता. तुझं तोंड बघवत न्हाय मला."

अलिबागच्या स्टँडबाहेर एक म्हातारी सुकट घेऊन बसली होती. मी दोन वाटे घेतले. "पिलाष्टिकमदी घट बांदते गं बाय," ती म्हणाली, "गाडीत लोकांना वास येल."

"नको," मी म्हटलं. "कागदातच द्या."

पुडी मी पिशवीत वहीला चिकटवून ठेवली आणि पिशवी मांडीवर घेतली. पेण यायच्या आत पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून नाक मुरडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं, की पनवेलपर्यंत त्यानं पुन्हा मान वळवली नाही.